सोमवारचं खारं पाणी

समुद्राच्या सान्निध्यात माणसाचं मन विशाल होतं, असं प्राध्यापक नानासाहेब शेळके यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी गारखेड्यात बनवलं. गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि त्या दिवशी माणसाचं मन किती विशाल असतं ते थेट नळाला मोटार लावणाऱ्या शेजाऱ्याला विचारावं.

तरीही नानासाहेबांनी समुद्र आणला. अमृतधारा सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये जिथं पूर्वी दिवाण होता तिथं. आठ फूट लांब काचेची टाकी, हजार लिटर पाणी. पाणी आधी फिल्टरमधून काढायचं. त्यात चार बादल्यांतल्या तीन वाया जातात, पण नानासाहेब रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे शुद्धतेशी तडजोड शक्य नव्हती. मग त्यात खास पोत्यातलं मीठ कालवायचं, की समुद्र तयार. त्यात नारिंगी मासे, दोन कोळंब्या आणि जिवंत प्रवाळ. कायद्यानं बंदी असलेलं कठीण प्रवाळ त्यांनी घेतलं नाही. मऊ, हलणारं, चालतं तेवढंच घेतलं. कायद्याच्या बाबतीत नानासाहेब अगदी सोवळ्यातले.

"प्रवाळ हा दगड नव्हे, जीव आहे," ते आल्यागेल्याला सांगत. "अत्यंत संवेदनशील. पाण्यात मीठ जरा कमीजास्त झालं की मान टाकतो."

म्हणून ते रोज सकाळी, चहाच्याही आधी, दुर्बिणीसारख्या एका नळीनं पाण्याचा खारेपणा मोजत आणि वहीत लिहून ठेवत. पत्नी मंजुषाताईंचं ब्लडप्रेशर किती, हे मात्र त्या वहीत नव्हतं. त्यांनी एकदा विचारलंही, "मी त्या टाकीत जाऊन बसले तर माझंही मोजाल का?"

टाकी ठेवायची तर दर रविवारी त्यातलं दीडशे लिटर जुनं पाणी काढून नवं घालावं लागतं. सुरुवातीला ते पाणी वॉचमन कारभारी बादल्या भरभरून तीन जिने उतरवून गटारात ओतायचा. त्याचा गुडघा सुजला. तो बोलला नाही. त्याची बायको लक्ष्मीबाई बोलली. नानासाहेब मनानं चांगले. त्यांनी लगेच तन्वीर प्लंबरला बोलावलं आणि गॅलरीतून बाहेरच्या पाइपाला नळी जोडायला सांगितली.

तन्वीर गॅलरीतून वाकून खाली बघत म्हणाला, "सर, ये मोरी का पाइप नै. छत का है."

"पाइपाला जात नसते, तन्वीर. जोड."

तन्वीरनं जोडला. शिकलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? ही गोष्ट जानेवारीतली.

फेब्रुवारीत सोसायटीच्या बोअरचं पाणी खारट लागू लागलं.

वाचकहो, समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब. तरी आंघोळ केली की अंग चिकट, भांड्यांवर पांढरे डाग, तोंडात घेतलं तर थू! पार्किंगमध्ये बैठक भरली. सेक्रेटरी काकासाहेब म्हणाले, बिल्डरनं बोअर चुकीच्या जागी घेतला. कुणी म्हणालं, भूकंप. कुणी म्हणालं, शेजारच्या सोसायटीचा कट. शेवटी सगळ्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष होते नानासाहेब, आणि दोन वर्षांपूर्वी गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची योजनाही त्यांनीच आणली होती. बोअरजवळ तशी संगमरवरी पाटी आहे, त्यांच्या नावाची.

नानासाहेबांनी चाळीस मिनिटं भूगर्भातल्या क्षारांवर भाषण केलं. शेवटी म्हणाले, "क्षार म्हणजे खनिजं. घाबरण्यासारखं काही नाही. पिण्यासाठी आपल्याकडं नळाचं पाणी आहे, जार आहेत. बोअर वापरायलाच तर आहे."

टाळ्या झाल्या. खुर्च्या उचलायला कारभारी आला. 'आपल्याकडं' या शब्दात तो बसत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जिन्याखालच्या त्याच्या खोलीला नळाचं पाणी नव्हतं. तिथं एकच तोटी होती, बोअरची. पिणं तेच, रांधणं तेच.

मार्चमध्ये लक्ष्मीबाईच्या पायांना सूज आली. दवाखान्यात ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मीठ बंद. लक्ष्मीबाईनं त्याच दिवसापासून मीठ सोडलं. भाकरीत नाही, भाजीत नाही. लोणचं आणि पापड शेजारणीला देऊन टाकले. पंधरा दिवसांनी तपासलं तर ब्लडप्रेशर वाढलेलं! डॉक्टर ओरडले, "खोटं बोलू नका हो बाई. मीठ पोटात जातंय."

"आईच्यान सांगते डॉक्टर, कणभर बी नाय."

"मग हे काय मशीन खोटं बोलतंय?"

मशीनपुढं लक्ष्मीबाईचं काय चालणार? घरी आल्यावर कारभारीनं डबे हुंगले, फडताळ उचकलं. "चोरून खातीस व्हय गं? मरायचंय का तुला?" शेवटी त्यानं मिठाची बरणी उचलली आणि तीन जिने चढून नानासाहेबांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, ही तुमच्याकडं ठिवा. हिच्यावर भरवसा नाय राहिला माझा. लागलं तर मी माझ्यापुरतं चिमूटभर नेत जाईन."

मंजुषाताईंनी बरणी फडताळात ठेवली. टाकीच्या मिठाचं पंचवीस किलोचं पोतं तिथंच होतं, त्याला टेकून. नानासाहेबांनी खाली जाऊन लक्ष्मीबाईला समजावलंसुद्धा. "जिभेवर ताबा हवा, लक्ष्मीबाई. संयम ही माणसाची खरी संपत्ती."

ती पदराचं टोक पिळत उभी राहिली. म्हणाली, "व्हय साहेब." नवराही खोटी समजतो आणि साहेबही, तेव्हा तिलाच शंका यायला लागली होती, की आपण झोपेत उठून मीठ खात असू.

एप्रिलच्या मध्यावर एका सोमवारी पारूबाई नानासाहेबांकडं भांडी घासत होती. सोसायटीतल्या चार घरांत तिची कामं. साठीची, बोलायला फटकळ. तिनं पाण्याचा थेंब जिभेवर घेतला आणि थुंकली.

"आज लईच खारं हाय."

"उन्हाळा आहे, पारूबाई. पातळी खाली गेली की क्षार वाढतात," हॉलमधून नानासाहेब म्हणाले. नळी डोळ्याला लावून ते टाकीचं पाणी तपासत होते.

"उन्हाळा तर रोजच हाय की. पण पाणी सोमवारी खारं, बुधवारी जरा कमी, शनवारी गोडं. पुन्यांदा सोमवारी खारं. दोन महिने झाले बघतीया. ओ सर, जमिनीला वार कळतेत व्हय?"

नानासाहेब हसले. हसता हसता थांबले.

रविवार. काल रविवार होता.

ते गॅलरीत गेले. पाइप वर गच्चीकडं जात होता आणि खाली... खाली सरळ संगमरवरी पाटीकडं! त्यांची स्वतःची पाटी, स्वतःची योजना, आणि स्वतःचा पाइप! हातातल्या मोजायच्या नळीत त्यांनी पहिल्यांदाच घरच्या बोअरच्या तोटीचं पाणी घेतलं. खारं निघालं. तीन महिने ही नळी रोज त्यांच्या हातात होती. माशांसाठी.

टाकीच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. दीडशे लिटर म्हणजे सव्वापाच किलो. बारा रविवार. प्राध्यापकांचा हिशेब क्षणात झाला : त्रेसष्ट किलो मीठ! डोळ्यांपुढं ते पोतं आलं, आणि पोत्याला टेकलेली ती बरणी. अरेरे! जिला चिमूटभर मीठ चोरल्याबद्दल आपण संयम शिकवला, तिच्या हंड्यात मीठ कोण ओतत होतं?

आता ते धावत खाली गेले असतील, असं आपल्याला वाटेल. नाही. ते सोफ्यावर बसले. संध्याकाळी त्यांनी गॅलरीतली नळी स्वतःच्या हातानं काढली आणि बाथरूमच्या मोरीत सोडली. कुणाला सांगितलं नाही. झालं ते झालं, आता दुरुस्त झालं. उगाच लोकांच्या मनाला त्रास कशाला? लाज वाटलेला सुशिक्षित माणूस लोकांच्या मनाची फार काळजी घेतो.

दहा दिवसांत पाणी गोड झालं. सोसायटीत आनंद झाला, आणि आनंद झाला की सत्कार करावाच लागतो. अध्यक्षांच्या अभ्यासपूर्ण प्रयत्नांमुळे बोअर सुधारला, असं काकासाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. एक मेला झेंडावंदनानंतर शाल, श्रीफळ ठरलं. नानासाहेबांनी "अहो, कशाला" असं दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात लक्ष्मीबाईचं ब्लडप्रेशरही उतरलं. कारभारी आनंदानं वर सांगायला आला. "साहेब, बरणी तुमच्याकडं ठिवली ते बरं झालं. आता कुठं हिनं खरंच मीठ सोडलं बघा. डॉक्टर बी म्हणले, आता कशा वठणीवर आल्या."

कारभारी गेल्यावर पारूबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. गॅलरीतली नळी काढलेली तिनं पाहिलं होतं. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण वार येत होते.

"पाणी गोडं केलंत, सर. चांगलं केलंत."

नानासाहेबांनी वर्तमानपत्र उघडलं.

"पण लक्ष्मी खोटी ती खोटीच राहिली की."

"अगं, पण आता सगळं ठीक झालंय ना? तिची तब्येत सुधारली..."

"तबियतीचं नाय म्हणत मी. तिचा नवरा तिचं तोंड हुंगतोय, सर. महिना झाला. पाणी धुऊन निघालं, तिचं नाव कुठल्या पाण्यानं धुवायचं? तुम्ही नळी काढली, ती गुपचूप काढली. आळ टाकताना मातर तुम्ही समद्यांदेखत खाली गेलता."

"मी आळ नाही टाकला. मी फक्त..."

"संयम म्हणला व्हता. मी जिन्यात व्हते."

मंजुषाताईंनी फडताळातून मिठाची बरणी काढली आणि जेवणाच्या टेबलावर, नानासाहेबांच्या ताटासमोर ठेवली. एक मेपर्यंत ती तिथंच राहिली. नानासाहेब चार दिवस तिच्याकडं बघत जेवले.

एक मेला झेंडा फडकला. काकासाहेबांनी भाषण केलं, त्यात 'भगीरथ' हा शब्द तीनदा आला. शाल खांद्यावर पडली. मे महिन्यातली शाल! पण नानासाहेबांना घाम शालीमुळे फुटला नव्हता. समोर लक्ष्मीबाई ट्रे घेऊन सगळ्यांना पाणी देत होती. लोक ग्लास घेत होते आणि पाटीकडं बघून मान डोलवत होते.

नानासाहेबांनी खिशातून कागद काढला. क्षारांवरचं भाषण लिहून आणलं होतं. कागद परत ठेवला.

"मीठ माझं आहे," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. काकासाहेब हसून म्हणाले, "सर, माइकमध्ये बोला."

ते माइकमध्ये बोलले. टाकी, रविवार, दीडशे लिटर, गच्चीचा पाइप, त्रेसष्ट किलो. "तन्वीरनं मला सांगितलं होतं, हा पाइप छताचा आहे. मी ऐकलं नाही. पाणी खारट झालं तेव्हा मोजायचं यंत्र माझ्या हातात होतं. मी मोजलं नाही. मला कळलं, त्याला सतरा दिवस झाले. मी सांगितलं नाही." ते थांबले. "लक्ष्मीबाईंनी मीठ खाल्लं नाही. एक कणही नाही. त्या पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या. खोटा मी होतो!"

नानासाहेबांनी शाल उतरवली. ती कुठं ठेवायची ते कळेना, म्हणून हातातच धरली. लक्ष्मीबाईसमोर जाऊन हात जोडले. "मला माफ करा."

तिच्या आधी कारभारीच घाबरला. पुढं येऊन म्हणाला, "असं नका म्हणू साहेब. आम्ही तुमचं मीठ खाल्लंय, आम्ही काय बोलणार?"

तो मनापासून बोलला होता. पण मागच्या रांगेत कुणाला तरी हसू आलं, आणि हसणाऱ्यालाच इतकी शरम वाटली की तो खाली बसला. नानासाहेबांनी मान खाली घातली, ती वर आली नाही.

लक्ष्मीबाईनं ट्रे काकासाहेबांच्या हातात दिला. ती नवऱ्याकडं वळली.

"ऐकलं का?"

कारभारीनं मान हलवली.

"तोंडानं बोला की. डबे हुंगताना लई बोलत व्हता."

"ऐकलं," कारभारी म्हणाला. "चुकलं माझं."

मग ती नानासाहेबांना म्हणाली, "साहेब, माझी बरणी द्या."

नानासाहेब स्वतः तीन जिने चढले आणि बरणी घेऊन उतरले. लक्ष्मीबाईनं ती पदरानं पुसली आणि आपल्या चुलीजवळच्या फळीवर ठेवली. खायची नव्हतीच, डॉक्टरांनी मीठ अजून बंदच ठेवलंय. पण आपल्या घरात आपली बरणी उघडी असावी आणि तरी आपल्यावर विश्वास असावा, एवढंच तिला हवं होतं. त्याच कार्यक्रमात वॉचमनच्या खोलीला नळाच्या पाण्याची जोडणी मंजूर झाली. विरोध झाला नाही. त्या दिवशी विरोध करायला तोंड कुणाला नव्हतं.

नागरिकहो, आपण आपल्या घरातून जे 'बाहेर' सोडतो, त्या बाहेरच्या जागी कुणीतरी राहत असतं आणि तेच पाणी पीत असतं. म्हणून हौस जरूर करावी, पण तिचा पाइप कुठं जातो ते आधी वाकून पाहावं. आणि सांगणारा प्लंबर असला तरी त्याचं ऐकावं. दुसरं म्हणजे, चूक गुपचूप सुधारली तर पाणी तेवढं साफ होतं. ज्याच्या नावावर त्या चुकीची पावती फाडली गेली, त्याचं नाव चारचौघांत साफ केल्याखेरीज कुणी सुटत नाही.

नानासाहेबांनी महिन्याभरात माशांसकट, प्रवाळांसकट टाकी देऊन टाकली. ती आता उस्मानपुऱ्यात एका दातांच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर आहे. पाणी दर रविवारी बदलतात. त्या इमारतीला दोन बोअर आहेत.