तिसऱ्या मजल्यावरची गळती

शिवणकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. दुरुस्तीचा सहा महिन्यांचा कोर्स करून ती एका निवासी इमारतीत देखभालीच्या कामाला लागली. "या वयात पाने-पकडी घेऊन फिरणार?" दादाने कपाळाला हात लावला. वहिनीने मात्र तिचं नाव पक्कडताई ठेवलं. ते तिला इतकं आवडलं की तिने ते शर्टाच्या खिशावर पिवळ्या दोऱ्याने शिवूनच टाकलं.

कामाला चार महिने झाले आणि तिची खरी परीक्षा आली. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या चष्मेवाल्याच्या बाथरूमचं छत गळत होतं. दोष वरच्या नर्सबाईंचाच, असं त्याने ठरवून टाकलं होतं. दोघांचं बोलणं बंद. आज तर प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन नर्सबाईंच्या बाथरूमची फरशी फोडायला आला.

"थांबा!" पक्कडताई दारातच उभी राहिली. "गळती रोज सकाळी दहानंतर सुरू होते. यांची आंघोळ सातला उरकते. मग हे पाणी कुठलं? मला एक तास द्या."

इमारतीच्या मॅनेजरने घड्याळ बघितलं. "एकच तास हं."

तिने चष्मेवाल्याला खाली स्टुलावर चढवलं आणि वर नर्सबाईंच्या बाथरूमभर रंग घातलेलं निळं पाणी ओतलं.

"काय दिसतंय?" ती खिडकीतून ओरडली.

"काही नाही!"

अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. प्लंबर हातोडा या हातातून त्या हातात घेत होता. ती नर्सबाईंकडे वळली.

"नर्सबाई, दहाला तुम्ही काय करता?"

"गॅलरीत मशीन लावते, कपड्यांचं."

ती बादली घेऊन गॅलरीत धावली. मशीनचं पाणी जातं त्या तोंडात तिने लाल रंग ओतला.

"लाल!" खालून किंकाळी आली. "लाल आलं! माझ्या चष्म्यावर पडलं, शर्टावर पण!"

पक्कडताई दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पोचली, मागून नर्सबाई, मॅनेजर आणि प्लंबर. स्टुलावर चढून तिने बाथरूमच्या खोट्या छताची फळी काढली. गॅलरीकडून येणाऱ्या पाइपचा जोड तडकला होता. पाणी फळीवरून सरकत बरोबर उलट्या कोपऱ्यात ठिबकत होतं.

"मी तर उगाच सगळी फरशी उखडली असती," प्लंबर म्हणाला.

तिने तडकलेला तुकडा कापला, नवा बसवला. प्लंबरने वर जाऊन मशीनच्या त्याच तोंडात तीन बादल्या ओतल्या. एक थेंब पडेल तर शपथ!

"शर्ट द्या इकडे," नर्सबाई चष्मेवाल्याला म्हणाल्या. "आत्ताच भिजवला नाही तर हा डाग जन्मभर राहील."

तो ओशाळून हसला. "आधी चहा घ्या."

मॅनेजरने घसा साफ केला. "पुढच्या महिन्यात लिफ्टच्या दुरुस्तीचं शिबिर आहे. जाल का?"

"जाल का काय विचारता?" स्टुलावरून उडी मारत ती म्हणाली. "तारीख सांगा!"