सुभेदारांच्या खांद्यावरचा पट्टा

मी एक जुना चामडी पट्टा आहे. कमरेचा नव्हे हं! कुत्र्याला फिरायला नेताना त्याच्या गळपट्ट्याला जो लांब पट्टा अडकवतात, तो मी. माझ्या एका टोकाला हातात धरायची मूठ होती आणि दुसऱ्या टोकाला पितळी कडी. मित्रांनो, माझी गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे, पण ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवतो. गोड गोष्ट हवी असेल तर एखाद्या पतंगाला नाहीतर बाहुलीला विचारा.

माझा जन्म झाशीच्या सदर बाजारातला. देश स्वतंत्र होऊन पंचवीसएक वर्षं झाली होती. हलके कक्का नावाचे एक म्हातारे कारागीर तिथे टांग्याच्या घोड्यांचे लगाम शिवत. त्यांनी मला म्हशीच्या चामड्यातून कापलं, तेल पाजलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवलं. मला बनवून घेतलं ते सुभेदार जयसिंग यांनी. मूळचे साताऱ्याकडचे, झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीतून निवृत्त झालेले आणि मग गावी न जाता झाशीतच दतिया गेटजवळ घर करून राहिलेले. त्यांनी मला दोन्ही हातांनी असं खेचलं की माझी शिवण करकरली.

"मजबूत है ना, कक्का?"

"मजबूत तो है साब," हलके कक्का आपल्या बुंदेलीत म्हणाले, "पर जौ पट्टा कुत्ता के लाने नइयां. गैल चलत मान्सन के लाने है."

म्हणजे हा पट्टा कुत्र्यासाठी नाही, वाटेने चालणाऱ्या माणसांसाठी आहे. सुभेदार हसले आणि मला खिशात कोंबून घरी आले. ते बोलणं त्यांनी कानाआड केलं. मी मात्र विसरलो नाही.

घरी खंड्या होता. तपकिरी रंगाचं, मोठ्या पंजांचं, जिथे तिथे नाक खुपसणारं पिल्लू. पहिलं वर्षभर मी त्याच्या गळ्याशी असे. त्याने मला चावलं, ओढलं, चिखलात लोळवलं. काय सांगू, ते माझे सोन्याचे दिवस होते! सुभेदार रोज पहाटे आम्हांला मैदानावर नेत आणि खंड्याला शिकवत. "थांब." "खाली बस." "मागं फीर." सगळं मराठीत बरं का. त्यात त्यांचा हेतू होता. ते म्हणत, "इथं उठसूट सगळे हिंदी बोलतात. उद्या चोर 'बैठ' म्हणाला, तर माझा कुत्रा काय बसून राहणार?" म्हणून हिंदी शब्द ऐकायचाच नाही, अशी त्यांनी खंड्याला सवय लावली. शिवाय घराबाहेर मनसोक्त मराठी बोलायला त्यांना दुसरं होतं कोण? दतिया गेटकडे जुनी मराठी घरं होती, पण त्यांचं मराठी निम्म्याहून अधिक हिंदीत मिसळलेलं.

खंड्या मोठा झाला तसं त्याचं कौतुक वाढलं. पोस्टमन, दूधवाला, शेजारी, कुणीही आलं की सुभेदार म्हणायचे, "बोलो इसको, बैठ!" लोक ओरडून ओरडून थकत. खंड्या ढिम्म उभा. मग सुभेदार हळूच म्हणत, "खाली बस," आणि तो धाडकन बसे. "वाह, सुभेदारजी!" लोक टाळ्या वाजवत. सुभेदारांच्या मिशा वर जात. त्या टाळ्यांनीच घात केला, मित्रांनो.

एके दिवशी मैदानात त्यांनी माझी कडी काढली आणि मला खांद्यावर टाकलं. तेव्हापासून माझी जागा तीच झाली. खंड्या पुढे उधळलेला आणि मी सुभेदारांच्या खांद्यावर, घामाने मऊ होत लोंबकळतोय. खंड्या वाईट नव्हता हो! त्याला माणसं आवडत, पोरं तर फारच. कुणी दिसलं की तो धावत जाऊन अंगावर पंजे ठेवी. लोक भिंतीला चिकटत. एका बाईच्या डोक्यावरची भाजीची पाटी पडली. एक म्हातारे गृहस्थ काठी आडवी धरून उभे राहिले. आणि आमचे सुभेदार पन्नास पावलांवरून हात हलवत ओरडत, "घबराइए मत, कुछ नहीं करता!"

कुसुमावतीबाई, म्हणजे सुभेदारांची बायको, रोज सांगत. "अहो, लावा की त्याला पट्टा. लोकांची पोरंबाळं असतात वाटेवर."

"अगं, माझा शब्द हाच त्याचा पट्टा," सुभेदार म्हणत.

"शब्दाला कडी नसते," बाई म्हणत आणि कणीक तिंबायला वळत.

त्याच वाटेने नानासाहेब आपल्या नातीला शाळेत सोडायला जात. नात म्हणजे सिंधू, आठ वर्षांची, दोन वेण्यांची. नानासाहेबांचे पूर्वज फार वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर झाशीत आलेले. सिंधूला मराठी समजे, पण तोंडात सगळं हिंदी. नानासाहेब हात जोडून म्हणाले, "सुभेदारजी, आमची पोर फार डरते हो कुत्र्याला. तेवढं बांधून आणत जा ना. रात को नींद में भी रोती है."

आता यावर माणसाने काय करावं? कडी लावावी, विषय संपला! पण नाही. सुभेदारांनी सिंधूलाच शिकवायला घेतलं. "घाबरायचं नाही. पाठ दाखवायची नाही. ताठ उभं राहायचं आणि म्हणायचं, थांब. म्हण बघू!" खंड्या तिच्या फ्रॉकचा वास घेत होता. पोरीचे ओठ पांढरे पडले. "आजोबा, मुझसे नहीं होता," ती सुभेदारांना कशीबशी म्हणाली. सुभेदार हसले. "अगं, फौजी घराण्यातली तू! होईल हळूहळू." मी खांद्यावर होतो. मला इतका राग आला! पण पट्ट्याचा राग कोण विचारतो?

मग तो जानेवारी आला. धुकं, हाडं गोठवणारी थंडी. सुभेदारांचा घसा बसला. तीन दिवस आवाजच फुटेना. कुसुमावतीबाईंनी मला खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिलं आणि बजावलं, "आज तरी लावा हो. हाक मारणार कशानं?" त्यांनी मान डोलावली. दारातून बाहेर पडले आणि सवयीने मला खांद्यावर टाकलं.

मैदानाच्या कडेने मोठा रस्ता जातो. धुक्यातून नानासाहेब आणि सिंधू येत होते. खंड्याने तिला ओळखलं. शेपूट हलवत, आनंदाने भुंकत तो सुटला. सिंधू किंचाळली. नानासाहेब मध्ये आले, छत्री उगारून ओरडू लागले, "हट! बैठ! अरे, बैठ जा!" खंड्याला तो शब्द शब्दच नव्हता. तो त्यांना वळसा घालून पुढे गेला. सुभेदारांनी तोंड उघडलं. माझ्या शेजारीच होता तो गळा. त्याच्या शिरा ताठ झाल्या, पण आतून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच आली.

सिंधूने पाठ फिरवली आणि ती रस्त्याकडे धावली. समोरून खडी भरलेला ट्रक येत होता. ड्रायव्हरने ब्रेक दाबले, पण भरलेला ट्रक जागच्या जागी थोडाच थांबतो? पुढचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा खंड्या तिच्याजवळ बसून तिचा हात चाटत होता. त्याची शेपूट अजून हलत होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कुत्ते ने काटा कहाँ?" कुठेच चावला नव्हता. अंगावर दाताची एक खूण नव्हती. सिंधू वाचली, पण गुडघ्याखाली पाय कापावा लागला. सुभेदार दोन दिवस इस्पितळाच्या पायरीवर बसून होते. नानासाहेब येता-जाता त्यांच्याकडे बघत आणि आत जात. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन सुभेदारांनी खंड्याला माझी कडी लावून बांधलं. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. खंड्याला कळेचना, आपण काय चुकलो. तो कडीकडे बघे, दाराकडे बघे आणि कण्हत बसे. अंगणातल्या खांबाला बांधलेल्या अवस्थेतच दोन वर्षांनी तो मेला. मला त्याचीही दया येते, मित्रांनो. शिक्षा झाली ती त्यालाच. सुभेदारांचा आवाज पुढे परत आला, पण मैदानावर ते पुन्हा कधी गेले नाहीत.

मी खुंटीवर धूळ खात होतो. एक दिवस सुभेदारांच्या कानावर आलं, की सिंधूच्या लाकडी पायाचा पट्टा कडक आहे, मांडीला घासून जखम करतो, पोर शाळेतून रडत येते. त्यांनी मला काढलं, पुसलं आणि थेट हलके कक्कांच्या दुकानात नेलं. कक्का फार थकले होते. त्यांनी मला बोटांनी चाचपलं, सुभेदारांकडे पाहिलं. "मुलाम हो गओ है," एवढंच म्हणाले. मऊ होणारच! इतकी वर्षं खांद्यावरच तर होतो. त्यांनी माझी कडी काढली, मूठ कापली आणि राहिलेल्या तुकड्याला नवं बक्कल शिवलं.

सुभेदार मला घेऊन नानासाहेबांच्या दारात उभे राहिले. कुठल्या पट्ट्याचा तुकडा आहे, हे त्यांनी स्वतःच सिंधूला सांगितलं. सांगताना ते रडत होते. सिंधूने मला हातात घेतलं, परत सुभेदारांपुढे धरलं आणि म्हणाली, "लगा दीजिए, आजोबा."

तेव्हापासून मी तिच्या गुडघ्याच्या वर बांधलेला आहे. सुभेदार गेले, नानासाहेब गेले. सिंधू आता शाळेत शिकवते आणि त्याच रस्त्याने चालत जाते.

परवा सकाळी एक मोठा काळा कुत्रा मोकळाच धावत आला. सिंधू जागच्या जागी थिजली. लांबून एक तरुण ओरडला, "दीदी, डरो मत, कुछ नहीं करता!" त्याच्या खांद्यावर नवाकोरा पट्टा होता. कुत्र्याने लाकडी पाय हुंगला, शेपूट हलवली. तरुण हसत जवळ आला. "देखा? कुछ नहीं किया."

"हाँ भैया," सिंधू म्हणाली. "जिसके डर से मेरा पैर गया, उसने भी कुछ नहीं किया था."

त्याने तिच्या पायाकडे पाहिलं. मग घाईघाईने पट्टा उतरवला. कडी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली. कट्ट! त्या जानेवारीच्या सकाळी मला हाच आवाज हवा होता.

मित्रांनो, तुमचा कुत्रा गुणी असेल. तुमचं ऐकतही असेल. पण वाटेवरच्या पोरीला ते कसं कळावं? पट्टा घरातून नेता ना? मग तो कुत्र्याला लावा. तुमच्या खांद्याला त्याची गरज नाही.