मला वाट पाठ होती

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेला बांधतात तो नव्हे, आणि कुत्र्याच्या गळ्यातला तर मुळीच नव्हे. मी एका उंच, धिप्पाड गाडीच्या इंजिनाचा पट्टा. लोक मला फॅन बेल्ट म्हणतात. हल्ली मी गाडी ठेवायच्या खोलीत, भिंतीवरच्या एका खिळ्याला लटकलेला असतो. माझी हकिगत काही फार मोठी नाही. पण तिच्यातला एक दिवस मला सोडत नाही, म्हणून सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळे रबर आणि त्यात चिवट दोरे घालून एक रुंद नळकांडे भाजून काढले होते. बांगड्या कापाव्यात तसे आम्ही भाऊ त्यातून कापले गेलो. आमच्या पोटाच्या बाजूला लांबच लांब खाचा आणि पाठ मात्र सपाट. तेवढे लक्षात ठेवा, कारण पुढे घोडे इथेच अडणार आहे.

इंजिन सुरू झाले की तळाचे मोठे चाक मला ओढायचे आणि मी बाकीची चाके फिरवायचो. एका चाकावर बॅटरी भरायची, एकावर गार हवा चालायची, एकाने स्टेअरिंग हलके व्हायचे. सगळ्यांत महत्त्वाचे ते पंपाचे चाक. ते इंजिनभर पाणी खेळवायचे, म्हणून इंजिन तापत नसे. माझी वाट सरळ नव्हती. याच्या वरून, त्याच्या खालून, मध्येच वळसा घेऊन पंपाच्या सपाट चाकाला पाठ टेकवायची आणि पुन्हा खाली. ती मला इतकी पाठ झाली होती की झोपेत विचारले असते तरी सांगितली असती. विचारले कोणी नाही, हा भाग वेगळा.

कौतुकाचे म्हणाल, तर लोक गाडीचा रंग बघत, सीटवरून हात फिरवत. झाकण उघडून मला कोण बघतो? एकदाच एका मेकॅनिकने मला अंगठ्याने दाबले आणि म्हणाला, "बेल्ट एकदम ठणठणीत आहे." ते एक वाक्य मी कित्येक वर्षे पुरवून पुरवून वापरले.

गाडी दादाची. दादा म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्याच्या बहिणीचे केस पिकायला लागले तरी तिला सगळे अजून धाकटीच म्हणतात. आणि अप्पा म्हणजे या दोघांचे वडील. अप्पांची मूत्रपिंडे थकली होती. एक दिवसाआड सकाळी त्यांना गावापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यावे लागे. तिथे यंत्रावर त्यांचे रक्त स्वच्छ होई. पाळी चुकली की पाय सुजत आणि धाप लागे. पण ते कधी कुरकुर करत नसत. काठी टेकत स्वतः चालत यायचे आणि चढताना कोणी हात दिला तर रागवायचे. अशा माणसाला पोहोचवायचे काम माझ्याकडे आहे, याचा मला फार अभिमान होता.

पुढे माझे वय झाले. पोटावर भेगा पडल्या, कडेचे रबर सुटू लागले. थंड सकाळी इंजिन सुरू होताच मी किंचाळायचो. मला दुसरी भाषाच नव्हती हो!

"दादा, हे काय ओरडतंय?" धाकटी विचारायची.

"थंडी आहे. गरम झाली की होते गप्प," असे म्हणून दादा रेडिओ मोठा करायचा.

मग कोणा शेजाऱ्याने त्याला अक्कल शिकवली. दादाने साबणाची कोरडी वडी आणली आणि माझ्या खाचांवर खसाखसा घासली. आवाज थांबला. "बघ, एका साबणात काम!" म्हणून तो घरभर सांगत सुटला. कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवला तर कण्हणे थांबते, दुखणे थांबते का? त्या दिवशी मला रडू आले असते, तर नुसता फेस आला असता.

एका दुपारी धाकटीनेच झाकण उघडले. माझ्या कडेतून एक दोरा बाहेर लोंबत होता.

"दादा, हा आता तुटणार. उद्या सकाळी अप्पांना न्यायचंय."

दादाने मेकॅनिकला फोन लावला. त्याच्याकडे गाड्यांची रांग होती. उद्या दुपारनंतर आणा, म्हणाला.

"मग उद्या भाड्याची गाडी सांगू," धाकटी म्हणाली.

"घरची गाडी दारात असताना? एक बेल्ट तर बदलायचाय! पाना लावला, काढला, घातला. मीच करतो."

तो दुकानातून नवा पट्टा घेऊन आला. काळा कुळकुळीत, ताठ, अगदी मी होतो तसा. मला त्याचा हेवा वाटला नाही, उलट सुटल्यासारखे वाटले.

"आधी फोटो काढून ठेव, कसा बसलाय त्याचा," धाकटी म्हणाली.

"अगं, डोक्यात आहे सगळं."

खरे तर झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या वाटेचे एक छोटे चित्र चिकटवलेले असायचे. पण गाडी चकाचक करायच्या नादात दादाने सगळे चिकटवलेले कागद खरवडून काढले होते. शोभत नाहीत म्हणून. आता त्याने ताण देणाऱ्या चाकाला पाना लावला, मी सैल पडलो आणि त्याने मला एकाच हिसक्यात ओढून बाहेर काढले. मग मला एका हातात धरून तो दुसऱ्या हाताने डोके खाजवू लागला.

पुढे काय सांगू! मी जमिनीवर एका रद्दी कागदावर पडलो होतो. दादा नवा पट्टा एका बाजूने घालायचा, तर तो लांब पडायचा. दुसऱ्या बाजूने घालायचा, तर पुरायचाच नाही. त्याची बोटे सोलली, कपाळाला काळे लागले. अप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"काय रे, जमतंय का?"

"झालंच, अप्पा."

त्या संध्याकाळी दादा कितीदा "झालंच" म्हणाला, देव जाणे. ज्याला वाट पाठ होती तो त्याच्या पायापाशी पडला होता. पण इंजिनावर चढल्याशिवाय मला कंठ फुटत नाही आणि आता इंजिनावर मी नव्हतो. घरात आग लागावी आणि आपण मुके असावे, तसे मला झाले.

अखेर पट्टा बसला. ताणही नीट लागला. पण पंपाच्या सपाट चाकावर पाठीऐवजी त्याचे पोट टेकले होते. म्हणजे पंप उलटा फिरणार! पाणी खेळणार नाही, इंजिन तापणार. मला हे लख्ख दिसत होते. दादाने गाडी थोडा वेळ जागेवर चालू ठेवली. एवढ्यात कुठे काय कळते? किंचाळणे नाही, खडखड नाही.

"शाब्बास!" अप्पा म्हणाले. "पोरगा कामाचा निघाला."

दादाचा चेहरा असा काही खुलला की मला त्याचा रागही धड करता येईना. "राहू दे, कशाला तरी उपयोगी पडेल," म्हणत त्याने मला या खिळ्याला अडकवले.

सकाळी तिघे निघाले. अप्पा काठी टेकत आले, स्वतः चढले, दार लागले. मी इथून बघत होतो. थांबा, जाऊ नका, असे मी मनातल्या मनात किती ओरडलो. नुसता खिळ्यावर लटकत राहिलो. वाऱ्याने हललो असेन, तेवढेच.

दुपारी गाडी परत आली ती एका टेम्पोच्या मागे, दोराने बांधून. अप्पा नव्हते. बहीणभावांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. लांबच्या चढावर इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा लाल रेघेला टेकला. धाकटीने आरडाओरडा करून गाडी थांबवली, म्हणून इंजिन वाचले. पण दुसरी गाडी मिळेपर्यंत अप्पांची पाळी गेली. संध्याकाळशिवाय यंत्र मोकळे नव्हते. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना धाप लागली आणि डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतले.

दादा जमिनीवर बसून राहिला. "मी रस्त्याकडेला त्यांना सारखं म्हणत होतो गं, झालंच अप्पा, येईलच गाडी."

धाकटीने मला खिळ्यावरून काढले आणि उलटेपालटे करून पाहिले.

"दादा, याची पाठ बघ. कशी चकाकतेय! म्हणजे पाठीनंही काम केलंय यानं." ती वाकून चाके न्याहाळू लागली. "पंपाचं चाक सपाट आहे. तिथं पाठ लागत असणार. आपण पोट लावलं."

"म्हणजे पंप..."

"उलटा फिरत होता."

दोघांनी मिळून नवा पट्टा काढला आणि नीट बसवला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला वाचले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण त्या वेळी अप्पा दवाखान्यात होते.

अप्पा घरी आले, मित्रांनो. पण ते चालत गाडीपर्यंत येत नाहीत आता. दादा त्यांना उचलून आणतो. गाडीची तो आता फार निगा राखतो. दर आठवड्याला झाकण उघडतो, पट्ट्यावर बोट फिरवतो, पाणी बघतो. आणि अप्पांना सीटवर ठेवताना विचारतो, "अप्पा, बरं वाटतंय ना?"

"अगदी झकास," अप्पा म्हणतात. दादा दार लावतो, गाडी निघते.

मी मात्र या खिळ्यावरून खाली बघत असतो. अप्पांच्या चपलेचा बंद पूर्वी शेवटच्या भोकात बसायचा. गेल्या काही दिवसांत तो पहिल्या भोकातही बसत नाही, म्हणून त्यांनी तो मोकळाच सोडला आहे आणि वरून धोतर सारखे केले आहे. ते सांगणार नाहीत. मला सांगता येत नाही. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. दादाला कोणीतरी सांगा, एकदा खाली वाकून त्यांचे पाय बघ म्हणून.