चिठ्ठीत निघालेलं नाव

आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि जन्मभर अंगठा उठवत आलेली आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी अक्षरं गिरवायला लागली, त्या वर्षाची ही गोष्ट. शिकवायला होती ठकी, थोरल्या दादाची मुलगी. पंधरा वर्षांची, अंगाने थोराड, मनाने लोण्यासारखी. वाचायला बसली की भरलेली गाडी चढावर चढावी तशी चढायची. प्रत्येक शब्दापाशी थांबायची, मागे यायची, पुन्हा जोर लावायची. आईला म्हणूनच ती मास्तरीण मानवली.

"तुझा बाप शिकवायला बसला की दुसऱ्या अक्षराला अंगावर येतो," आई ठकीला सांगायची. "तू बरी. तुला घाई नाही, मला नाही. मला फक्त मरायचं राहिलंय, तेही होईल सावकाश."

दादा शाळेचा मुख्याध्यापक. शाळेच्या आवारातच, पाण्याच्या टाकीमागे, दोन खोल्या त्याला राहायला होत्या. वहिनी ठकी लहान असतानाच गेली. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत दादा, आई आणि ठकी. दादा माणूस वाईट नव्हता. पण तपासणीस येणार म्हटलं की तो आदल्या रात्रीपासून वह्या लावत बसायचा, आणि खुद्द मुख्याध्यापकाची पोर वाचताना अडखळते हे त्याला चारचौघांत फार लागायचं.

त्याची बहीण पन्नाशीला टेकली तरी घरात धाकटीच. ती मोठ्या शहरात एका सरकारी कचेरीत होती. तिथल्या कामाला सगळे नुसतं 'मोजणी' म्हणत. काम असं, की पुष्कळ देशांनी मिळून ठरवायचं आणि पंधरा वर्षांच्या मुलांना सगळीकडे एकच प्रश्न घालायचे: वाचनाचे, गणिताचे, विज्ञानाचे. मग कुठल्या देशाची मुलं कुठे आहेत ते ताडून बघायचं. सगळ्या मुलांना बसवणं शक्य नाही, म्हणून आधी शाळांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, मग त्या शाळेतल्या मुलांच्या. हुशार, मठ्ठ, वात्रट, गरीब, ज्याची चिठ्ठी निघाली तो बसला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसंच. पण शितं निवडून घ्यायची नाहीत, हाताला लागतील ती घ्यायची. सगळी मोजणी या एका गोष्टीवर उभी होती, आणि धाकटीचा तिच्यावर देवासारखा विश्वास होता.

त्या वर्षी दादाच्या शाळेची चिठ्ठी निघाली. नात्यातल्या शाळेवर जायचं नाही असा रिवाज होता, पण ज्या गृहस्थांची पाळी होती ते जिन्यावरून पडून पाय मोडून घरी बसले. साहेब धाकटीला म्हणाले, "बाई, तुम्ही पेपर वाटणार आणि गोळा करणार. तपासणारे दुसरे. तुम्हीच जा."

जायच्या आठवडाभर आधी फोन आला. ठकीचा.

"आत्या, माझं नाव निघालं!"

"कशात गं?"

"तुझ्या मोजणीत! आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबराची चिठ्ठी नाही निघाली, माझी निघाली. माझी चिठ्ठी आजवर कशातच निघाली नव्हती. नाटकात नाही, सहलीत नाही."

मागून आईचा आवाज आला, "सांग तिला, माझी मास्तरीण आता देशाच्या वतीने बसणार. फी वाढवून मागते की काय बघते."

मोजणीच्या दिवशी धाकटी शाळेत पोचली. वरच्या मजल्यावरचा मोठा वर्ग झाडून पुसून तयार होता. घंटा झाली, मुलं बसली, आणि धाकटी दारातच थबकली. निम्म्याला थोडीच कमी बाकं रिकामी. बसलेल्यांत ठकी नव्हती.

"बाकीची कुठे आहेत?" तिने शिपाईमामांना विचारलं. म्हातारा शिपाई खिडकीची कडी लावत होता.

"आजारी," मामा म्हणाले. "सगळ्यांच्या पोटात दुखतंय. आमच्या वेळी पोरांच्या पोटात पाळीपाळीने दुखायचं, बाई. आता शिस्त आली, एकदम दुखतं."

तेवढ्यात दादा आला. हातात पेनांची पेटी. रिकाम्या बाकांकडे न बघता म्हणाला, "जागा ओस दिसत असतील तर दुसऱ्या तुकडीतली चांगली मुलं आणून बसवतो. काय फरक पडतो? वय तेच."

"दादा, ज्याची चिठ्ठी त्याचंच बाक. दुसरा नाही चालत."

"मग राहू देत रिकामी."

आलेल्या मुलांचा पेपर तिने रीतीप्रमाणे घेतला, पेटीला सील लावलं आणि तडक टाकीमागच्या घरी गेली. ठकी गणवेशात खाटेवर बसली होती. घट्ट वेण्या, तेल लावून बसवलेला भांग, मांडीवर टोक केलेल्या दोन पेन्सिली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण झोपलेली नव्हती.

"बाबा म्हणाले, रद्द झालं, आज शाळेत यायचं नाही," ठकी म्हणाली. "मग घंटा का वाजली, आत्या?"

आई भिंतीकडूनच बोलली. "विचार आता तुझ्या दादाला. पोरीला काल जेवताना सांगितलं रद्द म्हणून, आणि मला डोळ्याने खुणावलं. ऑपरेशन करून घेतलं ते हेच बघायला!"

दादा त्याच्या खोलीत हजेरीपटावर सह्या करत होता. धाकटीने दार लोटलं.

"ज्यांना वाचता येत नाही तेवढीच बरी आजारी पडली?"

"हळू बोल."

"पोटच्या पोरीशी खोटं बोललास?"

"तिच्यासाठीच." दादाने पेन खाली ठेवलं. "तिथे बसली असती, कोरा पेपर दिला असता, चार मुलं हसली असती. आणि उद्या छापून येईल, अमक्या शाळेने देशाचं नाक कापलं. त्यात मुख्याध्यापकाच्याच मुलीला भोपळा. बैठकीत शिक्षणखात्याच्या साहेबांनी साफ सांगितलंय, आकडा खाली जायला नको."

"शाळेचं नाव कुठेच येत नाही, दादा. मुलांचं तर नाहीच. सगळं एकत्र ओततात. देशाचा एक आकडा निघतो, बस्स."

"तू मला सांगतेस? सरकारने नाव टिपून घेतलं आणि ते कुणाच्या तोंडावर मारलं नाही, असं कधी झालंय? उभा जन्म मी तपासणीसांना चहा पाजतोय."

"इथे तसं नाही."

"बरं, नसेल." त्याचा आवाज खाली आला. "आजारी म्हणून लिही आणि जा. एवढं कर. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

ते खरंही होतं. धाकटीचं शिक्षण दादाने केलं होतं. तिचं लग्न मोडलं तेव्हा गावभर सगळ्यांची तोंडं एकट्याने बंद केली होती, आणि त्याची आठवण तिला कधी करून दिली नव्हती. ती उभीच राहिली. आजारी लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण तिच्या डोळ्यांपुढून त्या दोन पेन्सिली हलेनात. आणि इतकी बाकं रिकामी राहिली तर त्याच मुलांना पुन्हा एक दिवस ठरवून बसवायचं, हा नियम तिने स्वतः दर वर्षी नव्या लोकांना शिकवला होता.

"पुढच्या सोमवारी मी परत येते," ती म्हणाली. "राहिलेल्यांना बसवायला."

"ये. शाळेत ये. घरात पाय ठेवू नकोस."

सोमवारी राहिलेली मुलं आली. मान खाली घालून, आपण का राहिलो होतो हे ठाऊक असल्यासारखी. ठकी मात्र हसत आली. पहिल्या बाकावर बसली, आत्याकडे बघून डोळे मिचकावले.

सूचना धाकटीने छापल्याबरहुकूम वाचल्या. एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही, कारण दूरदेशीच्या वर्गातही तेच शब्द तिथल्या भाषेत वाचले जात होते. मुलांनी पानं उलटली. ठकीने पहिलं पान उलटलंच नाही. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, थांबत होतं, मागे येत होतं. बऱ्याच वेळाने तिने हात वर केला.

"आत्या, यात नेमकं काय विचारलंय?"

सांगायची सोय नव्हती. प्रश्न समजावायचा नाही, शब्द वाचून द्यायचा नाही, मान हलवायची नाही. कुणी विचारलं तर काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं.

"तुला जमेल तितकं कर," धाकटी म्हणाली.

ओळखीच्या दाराला आतून कडी लागलेली दिसावी, तसं ठकीने तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली. मधल्या सुट्टीनंतर तिची पेन्सिल एकदा चालली, बराच वेळ चालली, थांबली. बाकी ती खिडकीबाहेर बघत बसली. हसलं कुणीच नाही. सगळेच एका माळेचे मणी होते.

पेटी बंद झाल्यावर ठकी फाटकापर्यंत सोडायला आली.

"आत्या, दुसऱ्या देशांतल्या मुलांना हे सगळं येतं?"

"काहींना येतं."

"सगळ्यांना?"

"नाही गं. सगळ्यांना कुठलं येतंय?"

ठकीने थोडा विचार केला. "ज्यांना येत नाही, त्यांना पण घरी ठेवतात?"

धाकटीने पेटीचं सील पुन्हा एकदा बघितलं. गाडी आली आणि ती गाडीत बसली.

पुढे ठकी शाळेत जाईना. कुणी रागावलं नाही, कुणी हिणवलं नाही. ती आपणहूनच म्हणाली, मला नको, मी मावशीकडे जाते, शिवण शिकते. मावशीचं गाव रेल्वेने दिवसभराच्या वाटेवर. दादाने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा तिची ट्रंक स्वतः दोरीने बांधून दिली. आईचं शिकणं जोडाक्षरांपाशी अडलं ते अडलंच. धाकटीने फोन केला की आई एवढंच म्हणायची, "तुम्हा भावाबहिणीचं भांडण, आणि गेली माझी मास्तरीण. एकाने लपवली, दुसरीने मांडली. तिला काय हवंय ते दोघांपैकी कुणी विचारलं?"

दादा फोनवर येत नसे.

निकाल यायला दीड वर्ष लागलं. जाडजूड पुस्तक, तक्त्यांवर तक्ते. वाचनात देश खालून मोजायला सोपा, गणितात तसाच, विज्ञानात जरा वर. वर्तमानपत्रांनी एक दिवस आरडाओरडा केला, दुसऱ्या दिवशी विसरली. त्याच सुमारास आईचा निरोप आला: दादा दवाखान्यात आहे, यकृताचं दुखणं, डॉक्टर नीट बोलत नाहीत, भांडण गुंडाळून ठेव आणि ये.

धाकटी गेली. पुस्तक बरोबर नेलं. का नेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. दादा पिवळा पडला होता, गालफडं बसली होती. तिला बघून त्याने नुसती मान हलवली, बस म्हणून. मग त्याचं लक्ष पुस्तकाकडे गेलं.

"आपलं कुठाय?"

तिने पान काढून दिलं. त्याने चष्मा मागितला, तक्त्यावरून बोट फिरवलं, पान उलटलं, आणखी उलटलं, शेवटपर्यंत गेला.

"शाळेचं नाव?"

"नाहीये, दादा."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

त्याने पुस्तक छातीवर उपडं ठेवलं. "म्हणजे पहिल्याच दिवशी बसू दिली असती, तरी..."

"हो."

नर्स आली, बाटली बदलून गेली.

"तिने काय लिहिलं होतं गं? एका प्रश्नाला बराच वेळ लिहीत होती म्हणे. शिपाईमामा सांगत होते."

"मला बघता येत नाही. पेटी बंद करून पाठवून देतात. तपासणाऱ्यालाही कुणाचं ते कळत नाही."

"बरोबर असेल?"

"असेल."

"तुला तसं वाटतं, की मी आजारी म्हणून म्हणतेस?"

"मला माहीत नाही, दादा."

त्याला हसू आलं, मग खोकला. "खोटं नाहीच बोलायचीस. तिला बोलावून घे. मला तिला सांगायचंय की मी फसवलं. तोंडावर सांगायचं, फोनवर नको. फोनवर ती नुसतं हो हो म्हणते."

धाकटीने बाहेर येऊन मावशीकडे फोन लावला. ठकी म्हणाली, "निघते. हातातला एक झगा उद्या द्यायचाय, तो दिला की परवाच्या गाडीने येते." धाकटी म्हणाली नाही की झगा राहू दे. दादा बसून बोलत होता, चष्मा मागत होता. तिला वाटलं, परवाला कितीसा वेळ.

दादा त्या वर्षी शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी दवाखान्यात वारला. तेव्हा त्याचं वय अठ्ठावन्न होतं. ठकीची गाडी त्याच दुपारी आली.