दीड इंचाचा निरोप

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझी सीट उंच होती आणि नाक त्याहून उंच. मालक सहा फुटी, या घरातला थोरला दादा. नऊ वर्षं त्याने मला पुसलं, पळवलं, मिरवलं.

दादाच्या धाकट्या बहिणीला सगळी गल्ली बुटी म्हणायची. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला काम मिळत होतं. घरोघरी जाऊन नमुने आणायचे. अट एकच, मोटारसायकल चालवून दाखवायची. मैत्रिणीच्या गाडीवर ती शिकलीही होती. तिने दादाकडे मला मागितलं.

"दोन्ही पाय जमिनीला टेकव, गाडी तुझी!" दादा गल्लीच्या देखत म्हणाला.

बुटी माझ्यावर चढली आणि तिचे पाय लोंबकळू लागले. सगळे पोट धरून हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

पण बुटी हट्टाला पेटली. मला ढकलत मेकॅनिककडे घेऊन गेली. त्याने सीटचं कव्हर उसवलं, लांब सुरीने फोम कापला. मला खाली आणायला पुढचे फोर्क वर सरकवले, मागे धक्के झेलणारे आखूड शॉक बसवले. माझा सगळा तोरा त्या फोमच्या तुकड्यांबरोबर केरात गेला. बुटी बसली. तिच्या दोन्ही टाचा टेकल्या. तिचे डोळे भरून आले, तेव्हा मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

घरी आई म्हणाली, "अगंबाई, टेकले की गं!" दादाचं तोंड एवढंसं झालं. "उद्या नोकरी घेऊन ये, मग कागद तुझ्या नावावर," तो कसाबसा म्हणाला.

संध्याकाळी तो माझ्याजवळ उभा असताना त्याचा फोन वाजला. मेकॅनिक होता.

"दादा, एक राहिलंच. गाडी खाली आली, पण साइड स्टँड दीड इंच कापायला विसरलो. आता ती फार सरळ उभी राहील, उजवीकडे पडेल. ताईंना सांगा, सकाळी आधी इकडे या. पाच मिनिटांचं काम आहे."

"सांगतो," दादा म्हणाला.

फोन खिशात टाकून त्याने मला एका बोटाने हलकंच ढकललं. मी डुलले. त्याने पटकन सावरलं आणि हसला. आत जाऊन तो जेवला. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलला.

सकाळी प्रयोगशाळेत बुटी मला चालवून दाखवण्याच्या परीक्षेत पास झाली. "छान! पेटी लावा, आजच निघा," तिथल्या बाई म्हणाल्या. बुटीने मला स्टँडवर लावलं, उजवीकडे आली आणि नमुन्यांची पेटी माझ्या हुकाला अडकवली. मला हात नाहीत, मित्रांनो. मी तिच्या घोट्यावर पडले.

हाड वाकडं जुळलं. उजवा पाय बोटभर आखूड झाला. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. प्लास्टर निघाल्यावर तिने घाबरतच दादाकडे माझा विषय काढला.

"दोन्ही पाय म्हणालो होतो," दादा म्हणाला. "आता एकच टेकतो ना!"

त्याने माझे जुने शॉक परत बसवले, नवा जाड फोम भरला. आता स्टँड मला अगदी बरोबर येतं. बुटी रोज माझ्यासमोरून लंगडत बसथांब्यावर जाते.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. कुणाचा निरोप तुमच्याकडे आला, तर तो पोचवा. दादाला काळजी घेता येत नाही असं मुळीच नाही. रोज मला स्टँडवर लावल्यावर तो एका बोटाने ढकलून बघतो, पडत नाही ना म्हणून.