शांत पेशंट

डॉ. उत्कर्ष मेंदू उघडण्यात हुशार होते. फक्त ज्याचा मेंदू, त्याने तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. आता जागेपणीच्या शस्त्रक्रियेत माणसाला जागं ठेवतात ते त्याने बोलावं म्हणूनच. शब्द अडखळला की बोलण्याची जागा जवळ आली हे कळतं आणि हात थांबवता येतो. साहेबांना मात्र जागा पेशंटही झोपल्यासारखा हवा असे.

भूल देणाऱ्या डॉ. निरुपमा बडोद्यातल्या अकोट्याच्या. बारा वर्षं त्या साहेबांच्या "मॅडम, थोडं वधारो ने"ला मान डोलवून औषध वाढवत आल्या होत्या. नोकरीत एवढं चालायचंच, असं स्वतःला सांगत आणि स्वतःवरच चिडत.

त्या दिवशी टेबलावर विश्वंभर होते; मेंदूत बोलण्याच्या जागेजवळच गाठ. कारेलीबागेत बारावीच्या मुलांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेणारे, म्हणजे बोलण्यावरच पोट. आदल्या दिवशी त्यांच्या बायकोने, शालिनीने, निरुपमांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हात लुळा पडला तरी चालेल, पण यांची वाचा जाऊ देऊ नका. निरुपमांनी शब्द दिला होता.

म्हणूनच त्यांनी औषधं जपून निवडली. डोक्याची कातडी सुईने बधिर करायची. दुधासारखं पांढरं, झोपवणारं प्रोपोफॉल कवटी उघडेपर्यंतच द्यायचं, मग बंद. नंतर फक्त डेक्समेडेटोमिडीनची हलकी धार; त्यात माणूस पेंगतो, पण हाक मारली की नीट उत्तर देतो.

विश्वंभर जागे झाले ते वर्ग घ्यायलाच. दाखवलेल्या चित्रांची नावं धडाधड सांगितली, वरच्या दिव्यावरून परावर्तनाचे नियम समजावले आणि साहेबांनी घाई करू नये अशी सूचनाही केली. कोपऱ्यात कॅमेरा चालू होता. पुढच्या महिन्यात साहेब परिषदेत शांत पेशंटवर भाषण देणार होते, आणि हा पेशंट तर त्यांच्याहून चांगलं भाषण देत होता. साहेबांनी पांढरं औषध पुन्हा सुरू करायला सांगितलं. निरुपमांनी ते केलं.

विश्वंभर निवले. चित्रं आता पुरे, असं साहेबांनी ठरवलं आणि कॅमेऱ्याकडे बघत दर पाच मिनिटांनी विचारू लागले, "केम छो, सर?"

"मजामां."

सगळं थिएटर खूश. बाहेर निरोपही गेला की काका मस्त बोलतायत. निरुपमांना ठाऊक होतं की बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून हे उत्तर मेंदूला न विचारताच निघतं. बाकीचे शब्द गेले तरी नमस्कार आणि शिव्या मागे उरतात. तरी त्या गप्प बसल्या. चौथ्या वेळी प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर आलं. तेव्हा मात्र कुणालाही न विचारता त्यांनी पांढऱ्या औषधाचा पंप बंद केला.

थोड्या वेळाने विश्वंभरांनी डोळे नीट उघडले. निरुपमांनी छत्रीचं चित्र धरलं. त्यांनी ते ओळखलं, हे डोळ्यांत दिसत होतं. ओठ हलले.

"मजामां," ते म्हणाले आणि स्वतःच घाबरले.

साहेबांचा हात थांबला. उरलेली गाठ तशीच ठेवून त्यांनी टाके घातले. संध्याकाळपर्यंत छत्री परत आली, बायकोचं नाव आलं, पण फिजिक्समधला एकही शब्द आला नाही.

साहेबांनी कागदावर लिहिलं की रुग्ण पूर्ण वेळ शांत होता, संवाद उत्तम होता आणि औषधांची निवड अचूक होती. कागद सहीला आला. निरुपमांनी ते सगळं खोडलं आणि खाली लिहिलं: 'प्रोपोफॉल गरज नसताना पुन्हा सुरू केलं. त्यामुळे बोलणं तपासता आलं नाही.'

"एवुं लखाय, मॅडम? असं लिहिलं तर नाव तुमचंच खराब होईल," साहेब म्हणाले.

निरुपमांनी सही केली आणि त्या बाहेर गेल्या. मघाचा निरोप ऐकून शालिनीने पेढे मागवले होते. तिने पुडा पुढे केला. निरुपमांनी हात लावला नाही.

"शब्द गेलेत त्यांचे," त्या म्हणाल्या. "काही येतील, काही नाही. मला कळत होतं, आणि मी गप्प बसले."