पायरीचा दगड

सौदीतल्या दम्मामच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मोरिता हा एकच जपानी. सगळे त्याला मान देत, मी मात्र चिडवायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने आपल्या गावच्या किल्ल्याचा फोटो दाखवला. मी म्हणालो, "हा तर नवाकोरा दिसतो. आमच्या रत्नागिरीकडे ये, चारशे वर्षांचा खराखुरा किल्ला दाखवतो."

मोरिता रागावला नाही. दीडशे वर्षांपूर्वी सरदारांची सत्ता गेली आणि सरकारने तो किल्ला लिलावात काढला, असं त्याने सांगितलं. लाकूड जळणाला गेलं, दगड लोकांनी उचलले. त्याच्या पणजोबांनीही एक घडीव दगड आणून बागेत बसवला. पुढे गावाने वर्गणी काढून किल्ला पुन्हा बांधायला घेतला, तेव्हा आजोबा तो दगड हातगाडीवर घालून स्वतः पोचवून आले.

"कुणी मागितला होता?" मी विचारलं.

"नाही. पण त्यांना लाज वाटायची. यूनुस, तुझा किल्ला दाखव ना."

किल्ल्याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. होते ते सगळे नव्या घराचे. तेच बघताना तो दारातल्या पायरीच्या फोटोशी थांबला. "हे कमळ सुंदर कोरलंय. जुनं वाटतं."

गेल्या सुट्टीत मीच तो दगड किल्ल्याच्या दरवाजाजवळून टेम्पोत घालून आणला होता. पडूनच तर होता, असं तेव्हा सगळ्यांना ऐकवलं होतं.

"बाजारातून घेतला," मी म्हणालो. त्याने विश्वास ठेवला, याचीच जास्त लाज वाटली.

खोलीवर येताच बायकोला फोन लावला. "फरहाना, तो पायरीचा दगड किल्ल्यावर परत पाठव."

ती हसली. "तिथं बसून उंटावरनं शेळ्या हाका तुमी. आनि आपला एक पाठवून काय होनार? तुमचा बघून शेजारच्या वहाबभायनी दोन नेले. मोहल्ल्यात सहा घरांना तशा पायऱ्या झाल्या. सगळे बोलतात, यूनुसभायनी डोका चालवला."

"सहा घरांना?" मी विचारलं.

"आता दरवाजाची कमान उतरवाची हाय," ती म्हणाली. "सगळे तुमच्या सुट्टीसाठी थांबलेत. तुमाला टेम्पोवाला माहीत हाय ना."